प्रॉक्सी प्रणाली

प्रॉक्सी प्रणाली : संगणकांच्या जाळ्यात मागणी करणारा संगणक व माहिती पुरविणारा संगणक यांच्यामध्ये राहून एकाची मागणी स्वतःच्या पत्त्यावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या आणि आलेले उत्तर परत पोहोचविणाऱ्या आज्ञावलीला प्रॉक्सी (प्रतिनिधी) म्हणतात. हिचे कार्य दुभाष्यासारखे असते. भामरागडकडील माडिया बोलणारा अर्जदार व मराठीत कामकाज चालविणारे कार्यालय यांच्यामधील दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. तो नुसता हजर असून भागत नाही. प्रॉक्सीसंबंधीच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी हीच बाब असते.

जागतिक जालाचा जन्म जेथे झाला त्या जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेच्या सेवक आज्ञावलीत १९९४ च्या सुमारास प्रॉक्सीची सोय झाली. १९९६ मध्ये पुढे आलेली स्क्विड ही आज्ञावली एकदा आणलेले पान साठवून ठेवते व दुसऱ्याने मागितल्यास ते जवळूनच देते. मंद दुव्यावर हा लाभ मोठा असे. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या शासकीय योजनेतील भ्रमणध्वनी मनोरे दुसऱ्या पिढीच्या (२जी) तंत्राचे होते. योजनेतील अशा २,३४३ ठिकाणांचे ४जी मध्ये रूपांतर करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. अशा दुव्यांवर ऑपेरा मिनीसारखी आज्ञावली उपयोगी पडे. ती संपूर्ण पान दूरच्या सेवकावर उलगडून, आकसवून, स्वतःच्याच संकेतलिपीत फोनकडे पाठवी. मात्र ती लिपी दुसरा कोणताही न्याहाळक वाचू शकत नसे. पुढे संकेतस्थळे सांकेतिक (कूटबद्ध) झाल्यावर साठवणाऱ्या प्रॉक्सीचे महत्त्व बरेच घटले, कारण मधल्या संगणकाला पानाचा मजकूरच दिसेनासा झाला.

दुसरा उपयोग पत्त्याशी निगडित आहे. संशोधनपत्रिका पुष्कळदा संस्थेच्या जालीय पत्त्यावरून वाचकाला प्रवेश देतात. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. अशा विस्तीर्ण क्षेत्रातील विद्यार्थी मुख्यालयापासून सु. २०० किमी. दूर सिरोंच्याला राहत असेल, तर संस्थेच्या प्रॉक्सीमार्फत त्याची मागणी संस्थेतूनच आल्यासारखी दिसू शकते, व पत्रिका त्याला घरी वाचता येते.

आधुनिक प्रॉक्सीत तीन थर वेगळे ओळखावे लागतात. प्रत्यक्ष जोडणी करणारा, सांकेतिकीकरण करणारा व कोणती मागणी कोणत्या वाटेने जावी हे ठरविणारा भाग म्हणजे गाभा. व्ही२रे, एक्सरे, सिंग-बॉक्स, मिहोमो हे असे गाभे होत. वापरणाऱ्याला पडद्यावर दिसणारा, बटणे व याद्या असलेला भाग म्हणजे ग्राहक आज्ञावली, उदा., व्ही२रेएन. हिच्यात स्वतःची जोडणीची शक्ती नसते. ती गाभ्याला सूचनांची फाईल लिहून देते व तो चालू करते. तिसरा थर प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन टोकांनी पाळावयाच्या बोलण्याच्या नियमांचा. ‘माझी आज्ञावली चालत नाही’ ही तक्रार बहुधा ग्राहक आज्ञावलीवर केली जाते. दोष मात्र अनेकदा गाभा व प्रोटोकॉल यांच्या न जुळण्यात असतो.

जुने नियम सोपे व सर्वत्र मान्य आहेत. सॉक्सची चौथी आवृत्ती केवळ टीसीपी जोडण्या नेई. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत ओळखतपासणी, यूडीपी व दीर्घ पत्ते यांची भर पडली. नवे प्रोटोकॉल मात्र एकेका गाभ्याबरोबर वाढले. व्हीमेस व्ही२रेबरोबर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये व्ही२रेपासून एक्सरे वेगळा झाला, व व्हीलेसचा पुढील विकास मुख्यतः त्यात झाला. २०२३ मधील रिॲलिटी ही पद्धतीही त्याचीच. परिणामी दोन्ही टोकांना व्हीलेस हेच नाव लिहिलेले असूनही जोडणी होत नाही, कारण एका टोकाच्या गाभ्याला रिॲलिटी ठाऊकच नसते. सूचनांची लिपीही निराळी : व्ही२रे, एक्सरे व सिंग-बॉक्स जेसन लिपी वापरतात, तर क्लॅश व त्याचा वारस मिहोमो यामल वापरतात, आणि जेसनमध्येही व्ही२रेसाठी लिहिलेली फाईल सिंग-बॉक्सला समजत नाही. क्लॅशचे मूळ भांडार नोव्हेंबर २०२३ मध्ये काढून टाकले गेले. त्यावर आधारलेल्या ग्राहक आज्ञावल्यांना त्यामुळे दुसरा गाभा शोधावा लागला.

घड्याळाची गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हीमेस प्रोटोकॉलात दोन्ही संगणकांच्या वेळांमध्ये ९० सेकंदांहून अधिक अंतर चालत नाही (कालक्षेत्र भिन्न असल्यास हरकत नाही). यंत्रातील लहान विद्युत् घट संपलेला असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ मागील वर्षावर जाते, आणि सर्व सूचना बिनचूक असूनही सेवक जोडणी नाकारतो. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही अवैध ठरतात. जुन्या संगणकावर बिघाड शोधताना प्रथम तारीख पाहावी; पुन्हापुन्हा आज्ञावली बदलण्यात श्रम व्यर्थ जातात. याच्या जोडीला आवृत्तीचाही प्रश्न आहे. व्हीमेसची जुनी ओळखपद्धत १ जानेवारी २०२२ पासून व्ही२रेच्या सेवकांनी सामान्यतः बंद केली, व जुन्या ग्राहक आज्ञावल्या एकाएकी निरुपयोगी झाल्या.

वाहतुकीच्या नव्या पद्धतीनेही अशीच फट पडली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो. नेहमीचा एचटीटीपी प्रॉक्सी केवळ टीसीपी जाणत असल्याने न्याहाळक जुन्या मार्गावर परततो व काम होते. परंतु ध्वनिसंभाषणासारख्या यूडीपीवर अवलंबून असलेल्या सेवा अडतात. यावर उपाय म्हणून एचटीटीपीतून यूडीपी नेण्याचा नियम २०२२ मध्ये ठरला.

प्रॉक्सी चालविणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते. कोण कोणत्या स्थळाकडे गेले, हे त्याला बहुधा समजते, आणि सांकेतिकीकरण मध्येच उलगडले जात असेल तर परवलीचे शब्दही दिसतात. व्हीलेस मूळ स्वरूपात स्वतः काहीच झाकत नाही. त्यावर टीएलएसचे आवरण घालावे लागते, हे विसरल्यास मजकूर उघडा जातो. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज वा बँकेचे काम अनोळखी, फुकट प्रॉक्सीतून करणे धोक्याचे होय. भारतात सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्वसाधारण ग्राहकांना व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपणे आवश्यक ठरले. संस्थांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला ही अट नाही. त्याच निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवकांशी जुळविण्यासही सांगितले आहे.