कारमध्ये गोडसर वास, मॅट ओली? हीटर कोअर गळतोय का, असे ओळखा

नवी मुंबई : इथे कारचा हीटर क्वचितच लागतो. त्यामुळे जुन्या कारमधला हीटर कोअर गळू लागला तरी लवकर लक्षात येत नाही.

हीटर कोअर म्हणजे काय?
डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनातला सुमारे ९० अंश तापलेला कूलंट त्यातून फिरतो. अनेक गाड्यांत हीटर बंद असतानाही. म्हणूनच न वापरताही तो गंजतो, गळतो.

एसीचे पाणी की कूलंट?
पायाखालची मॅट ओली दिसली की आधी एसीवर संशय जातो. एसीचे पाणी स्वच्छ असते. कूलंट रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचा असतो. काचेवर आतून तेलकट थर बसतो.

खर्च कशाचा?
मुख्यतः मजुरीचा. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून काही मेकॅनिक दोन्ही होज पाइप बाहेरच जोडून हीटर बायपास करतात. शहरात हे चालून जाते. घाटातल्या धुक्यात मात्र काचेसाठी गरम हवा मिळत नाही.

दुर्लक्ष केल्यास?
कूलंट कमी होऊन बोरघाटाच्या चढावर इंजिन तापू शकते, हेड गॅस्केट जाऊ शकते. गाडी तापली तर थांबा. इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका.