सदृश संगणकांचा संग्रह व दस्तऐवज

सदृश संगणकांचा संग्रह व दस्तऐवज : ज्या यंत्रात संख्या अंकांनी न दर्शविता विद्युत् दाब, दंडाचे परिभ्रमण किंवा पाण्याची पातळी यांसारख्या सतत बदलणाऱ्या भौतिक राशीने दर्शविली जाते, त्यास सदृश (अ‍ॅनलॉग) संगणक म्हणतात. अशी जुनी यंत्रे मिळवून ती चालू स्थितीत आणणे व त्यांच्या माहितीपुस्तिका, मंडलाकृती आणि जोडणीची रेखाटने शोधून जपणे, हे तंत्रविद्येच्या इतिहासाच्या अभ्यासाचे एक अंग होय. यांपैकी कागदपत्रांचा शोध यंत्राच्या शोधाइतकाच महत्त्वाचा असतो.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. विद्युत् सदृश संगणकात विवर्धक, समाकलक व विभवमापक हे घटक असतात आणि जोडफलकावर ते तारांनी जोडले की अवकल समीकरण मांडले जाते. उदा., स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे आंदोलन दोन समाकलक व चिन्ह बदलणारा एक विवर्धक यांच्या जोडणीने दाखविता येते. वजन वरखाली होते त्याप्रमाणे विद्युत् दाब कमीजास्त होतो. तारा काढल्या की समीकरण नाहीसे होते. तारा जागच्या जागी असल्या, तरी एक व्होल्ट म्हणजे किती सेंटिमीटर हे प्रमाण केवळ कागदावरच लिहिलेले असते. तो कागद हरवल्यास यंत्र उत्तर देते. पण ते कोणत्या प्रश्नाचे, हे सांगता येत नाही.

व्हॅनीव्हर बुश यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९३१ मध्ये यांत्रिक अवकल विश्लेषक पूर्ण केला. डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये मँचेस्टर येथे मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांतून त्याची प्रतिकृती बनविली. केंब्रिज येथील अशाच प्रकारचे एक यंत्र पुढे न्यूझीलंडला गेले व ते ऑक्लंडच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये पाण्याच्या प्रवाहाने राष्ट्रीय अर्थव्यवस्था दाखविणारे यंत्र तयार केले. त्याचा एक नमुना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनीय यंत्रांचा प्रसार झाला. परंतु अंकीय संगणक स्वस्त व वेगवान होताच त्यांपैकी बहुतेक मोडीत निघाली.

संग्राहकाच्या दृष्टीने या यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिला कारखान्यात अनेक प्रती निघालेल्या यंत्रांचा. अमेरिकेतील हीथ कंपनीचा ईसी-१ हा नऊ विवर्धकांचा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकला जाई. ग्राहकाने तो स्वतः जुळवायचा असल्याने प्रत्येक जोडणी पुस्तिकेत दिलेली असे; त्यामुळे त्याची दुरुस्ती सुकर होते. दुसरा वर्ग प्रयोगशाळांत एकेकच घडविलेल्या यंत्रांचा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये समरेंद्रकुमार मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली १९५३ मध्ये तयार झालेला, दहा चलांची एकघाती समीकरणे सोडविणारा संगणक या वर्गातील होय. अशा यंत्रांची छापील पुस्तिका सहसा नसते. त्यांची माहिती अहवाल, प्रबंध, छायाचित्रे व टिपणवह्या यांतूनच गोळा करावी लागते.

जुने यंत्र हाती येताच ते सुरू करणे धोक्याचे असते. निर्वात नलिकांच्या यंत्रांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि दीर्घकाळ पडून राहिलेली विद्युत् विच्छेद्य धारित्रे निकामी झालेली असतात. म्हणून प्रथम मंडलाकृती मिळवावी, धारित्रे तपासावीत किंवा बदलावीत व मग दाब हळूहळू वाढवावा. त्यापूर्वी जोडफलकाचे छायाचित्र घेणे व प्रत्येक विभवमापकाचे स्थान टिपून ठेवणे आवश्यक असते. कारण ही अखेरची मांडणी कित्येकदा यंत्राचा एकमेव शिल्लक दस्तऐवज असते.

कागदपत्रे बहुधा निवृत्त अभियंत्यांची कपाटे, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा व ग्रंथालयांनी रद्द केलेली पुस्तके यांत सापडतात. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझीयमसारख्या संस्था यंत्रांबरोबर अशा पुस्तिकाही जतन करतात. यंत्राचे भाग नव्याने घडविता येतात. पण ज्यांनी ते वापरले त्यांच्या टिपणांना पर्याय नाही. म्हणून यंत्र जागेअभावी ठेवता आले नाही, तरी त्याचे कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत.