लसूणघासाची पेरणी आणि जुने ट्रॅक्टर

शहरांतील घरीं सकाळीं दूध येतें, तेव्हां त्या दुधामागें असलेल्या चाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गाय जें खाते त्याचेंच दूध होतें हें सर्वांना ठाऊक असतें. परंतु तो चारा कोण पेरतो आणि पेरतांना त्याचें काय काय पणास लागलेलें असतें, हें पाहण्याचा योग शहरवासीयांस क्वचितच येतो. पश्चिम महाराष्ट्रांतील बागाईत पट्ट्यांत ज्याला लसूणघास किंवा नुसताच घास म्हणतात, इंग्रज ज्याला ल्यूसर्न म्हणतात आणि अमेरिकेंत जो आल्फाल्फा या अरबी वळणाच्या नांवानें ओळखला जातो, तो चाऱ्यांत श्रेष्ठ मानला गेला आहे. लसणाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तो मेथीच्या गोतांतला आहे आणि त्याचीं तीन पानें पाहिलीं म्हणजे हें नातें कोणाहि गृहिणीच्या ध्यानांत येईल.

या घासाचें मूळ ठिकाण इराणच्या बाजूस. ग्रीक लोकांनीं त्याला मीडिया देशावरून नांव दिलें, अरबांनीं तो स्पेनांत नेला, स्पॅनिश लोकांनीं दक्षिण अमेरिकेंत, आणि १८५० च्या सुमारास सोन्याच्या शोधांत निघालेल्या लोकांबरोबर तो चिलीहून कॅलिफोर्नियांत पोंचला. उबदार प्रदेशांत तो सहज रमला. खरी अडचण उत्तरेकडील थंड राज्यांत होती.

तेथें तो रुजला याचें श्रेय वेन्डेलिन ग्रिम या जर्मन शेतकऱ्याचें. १८५७ सालीं तो बाडेन प्रांतांतून बायकामुलांसह मिनेसोटा राज्यांतील कार्व्हर परगण्यांत येऊन राहिला. सामानांत वीस पौंडांहून कमी असें घासाचें बीं होतें. त्याच्या मायभाषेंत या पिकाला 'सदा टिकणारा' अशा अर्थाचें नांव होतें. मिनेसोटाच्या हिवाळ्यानें तें नांव खोटें ठरविलें. १८५८ च्या वसंतांत पेरलेल्या घासापैकीं पुष्कळसा बर्फाखालीं मेला. जीं थोडीं झाडें वांचलीं त्यांचें बीं ग्रिमनें गोळा केलें व पुन्हां पेरलें. पुढील हिवाळ्यांत पुन्हां मर झाली, पुन्हां वांचलेल्यांचें बीं जपलें गेलें. असें वर्षानुवर्षें चाललें. निवडीचें शास्त्र तो शिकला नव्हता. त्याला गुरांसाठीं घास हवा होता, इतकेंच. १८९० सालीं तो वारला आणि त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं लायमन नांवाच्या गृहस्थानें या घासाकडे मिनेसोटाच्या शेतकी प्रयोगकेंद्रांतील प्राध्यापक हेज यांचें लक्ष वेधलें. मग 'ग्रिम' या नांवाची जात उत्तर अमेरिकेंत सर्वत्र पसरली. १९२४ सालीं त्याच्या जुन्या शेतावर स्मारकशिला बसविण्यांत आली.

आजहि मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या दूधदुभत्याच्या राज्यांत मोठाल्या गोठ्यांच्या शेजारीं कांहीं लहान शेतकरी पन्नास, साठ, ऐंशी वर्षांपूर्वींच्या ट्रॅक्टरांनीं व अवजारांनीं घास पेरतात. कोणी हौसेनें, कोणी काटकसरीनें आणि पुष्कळजण दोन्ही कारणांनीं.

घासाचें बीं फार बारीक असतें. एका पौंडांत सुमारें २,२०,००० दाणे भरतात. दर एकरीं १२ पौंड बीं टाकलें तर चौरस फुटास साठ दाणे पडतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रोपें पहिलें वर्ष संपण्यापूर्वींच नाहींशीं होतात. इतक्या लहान दाण्याच्या पोटांत शिदोरी ती केवढी! तो पाव ते अर्धा इंच खोल पडला तर वर येतो. दीड इंच खोल गेला तर मातीखालींच संपतो. उलट, भुसभुशीत ढेकळांत वरच्यावर अडकला तर अंकुर फुटून वाळून जातो. म्हणून भूमि वरून मऊ आणि आंतून घट्ट असावी लागते. याची परीक्षा अगदीं साधी आहे. शेतकरी तयार शेतांतून बुटानिशीं चालत जातो व मागें वळून पाहतो. टांचेचा ठसा अर्ध्या इंचाहून खोल उमटला असेल तर शेत अजून तयार नाहीं.

तयारी वर्षभर आधीं सुरू होते. आम्ल जमीन घासाला मानवत नाहीं, म्हणून चुनखडीची भुकटी सहा महिने ते वर्षभर अगोदर पसरतात. ज्या शेतांत जुना घास होता त्याच शेतांत तो मोडून लगेच नवा पेरणें हें पुष्कळ नवशिक्यांना सुचतें आणि तें हटकून फसतें. जुन्या झाडांपासून जमिनींत उतरलेलीं द्रव्यें नव्या रोपांच्या मुळांना बाधतात. मध्यें एक वर्ष मका किंवा दुसरें पीक घ्यावें लागतें. मग शरदांत दोन फाळांच्या नांगरानें नांगरट, हिवाळ्यांतील गोठण्यानें ढेकळांचें आपोआप फुटणें, वसंतांत तव्यांचा कुळव, त्यावर दातांचा कुळव आणि शेवटीं खांचदार कड्यांचा जड लोखंडी रूळ. आपल्याकडे नांगर, कुळव व मैंद यांचा जो क्रम आहे, त्याहून हा क्रम तत्त्वतः वेगळा नाहीं. पेरण्यापूर्वीं बियाला मुळांवरील गांठींतल्या जंतूंचें विरजण लावतात. हे जंतु हवेंतील नत्र झाडाला मिळवून देतात. पुड्यांतून तें विकत मिळूं लागण्यापूर्वीं शेतकरी जुन्या घासाच्या शेतांतील माती गाड्या भरून आणीत व नव्या शेतांत विखुरीत.

आतां ट्रॅक्टरांविषयीं. १९२४ सालीं बाजारांत आलेला 'फार्मॉल' हा पिकांच्या ओळींमधून चालूं शकणारा पहिला यशस्वी ट्रॅक्टर समजला जातो. पुढचीं दोन चाकें एकमेकांस जवळजवळ चिकटलेलीं, मागचीं उंच व दूर. जॉन डियर कंपनीचे जुने दोन नळकांड्यांचे ट्रॅक्टर त्यांच्या 'फट् फट्' अशा तुटक आवाजावरून अर्ध्या मैलावरून ओळखतां येतात. आरंभीं सर्वांचीं चाकें लोखंडीच होतीं. १९३२ सालीं ॲलिस-चामर्स कंपनीनें रबरी हवेचीं चाकें लावून दाखविलीं आणि कांहीं वर्षांतच लोखंडी चाकें मागें पडलीं. १९३९ सालीं फोर्डच्या लहान करड्या ट्रॅक्टरावर हॅरी फर्ग्युसन यानें योजलेली तीन ठिकाणीं अवजार जोडण्याची व तेलाच्या दाबानें तें उचलण्याची युक्ति आली. नांगर ट्रॅक्टरामागें फरफटत येण्याऐवजीं त्याचाच एक अवयव झाला. जगांतील बहुतेक ट्रॅक्टर आज याच पद्धतीनें अवजारें जोडतात. महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि गांवीं उभा असलेला ट्रॅक्टर मागच्या बाजूनें पाहिला तरी तीं तीन टोंकें दिसतील.

त्याच घराण्यांतला १९४७ ते १९५२ या काळांतील फोर्ड '८-एन' अजून हजारोंनीं चालू आहे. त्याची शक्ति आजच्या मानानें लहान, पंचवीस अश्वशक्तीच्या आंतबाहेर. वजन सुमारें अडीच हजार पौंड. परंतु घासाच्या पेरणीस या हलकेपणाचा लाभच होतो. आधुनिक अजस्र यंत्रांच्या चाकांखालीं ओली जमीन खोलवर दबते आणि ज्या पिकाचीं मुळें अनुकूल जमिनींत पंधरा फुटांहूनहि खोल जातात त्याला तो दाब सोसत नाहीं.

खरें कौशल्य मात्र ट्रॅक्टरांत नसून मागच्या पाभरींत आहे. जुन्या अमेरिकन पाभरीला दोन पेट्या असतात. मोठी धान्याची, धाकटी गवताच्या बारीक बियांची. मोठींतून ओट पेरतात, धाकटींतून घास. ओट लवकर वाढून तणाला दाबतो, पावसानें माती वाहूं देत नाहीं, आणि हिरवा असतांनाच कापला तर तोहि चारा होतो. तो पिकेपर्यंत ठेवण्याचा लोभ धरला तर सांवलींत व तहानेनें खालचा घास मरतो. ओटाला इंच-दीड इंच खोली लागते, घासाला पाव इंच. म्हणून घासाच्या नळ्या फाळांतून काढून मोकळ्या सोडतात व बीं वरच्यावर पडूं देतात. मागून रूळ फिरला म्हणजे तें मातींत नीट बसतें. विस्कॉन्सिनमधील ब्रिलियन गांवच्या कारखान्याच्या पेरणीयंत्रांत ही सारी क्रिया एकत्र आहे. पुढें एक रूळ, मागें एक रूळ, आणि मध्यें बियाची पेटी.

जुन्या पेटीवर किती पौंडाला कोणती खूण, याचा पत्रा बहुधा गंजून गेलेला असतो. उरलाच असला तरी झिजलेल्या दात्यांमुळें त्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. येथें शाळेंतील त्रैराशिक कामास येतें. पाभरीची रुंदी १० फूट आहे असें समजूं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हां एक एकर पेरण्यास ४,३५६ फूट चालावें लागेल. चाकाचा घेर दोरीनें मोजला तो १२ फूट भरला, तर एका एकरांत चाकाचे ३६३ फेरे होतात. आतां पाभर उचलून ठोकळ्यांवर टेकावी, नळ्यांखालीं ताडपत्री पसरावी आणि चाक हातानें ३६ वेळां, वर थोडेंसें, फिरवावें. एवढ्यांत एकराच्या दहाव्या भागाचें बीं पडतें. तें तोललें असतां १ पौंड ३ औंसांच्या जवळपास भरलें पाहिजे. दोन चाकें पेटीचा अर्धा अर्धा भाग फिरवीत असतील तर हा उद्योग दोन्ही बाजूंस करावा लागतो व प्रत्येक बाजूस निम्मेंच वजन धरावें लागतें. ज्यानें हा अर्धा तास वांचविला त्याला कधीं शेत संपण्यापूर्वींच पेटी रिकामी झालेली आढळते, कधीं शेत संपल्यावर पेटी निम्मी भरलेली. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्याचा पत्ता उशिरां लागतो. विरळ घासांत तण शिरतें व पुढचीं तीनचार वर्षें तें निघत नाहीं.

जुन्या यंत्रांच्या प्रेमांत एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे हीं यंत्रें माणसें मारतात. चालकाच्या डोक्यावर लोखंडी कमान बसविण्याची चाल अमेरिकन कारखान्यांनीं सरसकट स्वीकारली ती १९८५ पासून. त्यापूर्वींचा ट्रॅक्टर उतारावर कलंडला तर चालकास कांहींच आधार नसतो. रुतलेलें अवजार ओढण्यासाठीं कोणी सांखळी खालच्या ओढदांड्याला न बांधतां वर आंसाला बांधली, तर चाकें जागच्या जागीं राहून ट्रॅक्टरच पुढून उचलला जातो आणि उलटा चालकावर येतो. यास दोन सेकंदहि पुरत नाहींत. क्लच दाबण्याचें सुचेपर्यंत सर्व आटोपलेलें असतें. मागच्या फिरत्या दांड्यावरचें पत्र्याचें झांकण तर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवरून केव्हांच हरवलेलें असतें. त्यांत सदऱ्याची बाही गुंतली तर हात वांचत नाहीं. जुन्या ट्रॅक्टरालाहि कमान व पट्टा बसवितां येतो. जो शेतकरी रंग देऊन यंत्र नव्यासारखें चकचकीत करतो आणि कमान मात्र शोभत नाहीं म्हणून बसवीत नाहीं, त्याच्या शहाणपणाविषयीं शंका घेण्यास हरकत नाहीं.

मग हीं यंत्रें सोडून का देत नाहींत? किंमत हें एक कारण आहेच. दुसरें, दुरुस्तीचें. फार्मॉलचें यंत्र उघडून बसण्यास पान्यांची पेटी आणि एक पावसाळी दुपार पुरते. सुटे भाग अजूनहि तयार होतात. नव्या ट्रॅक्टरांत संगणक बसले आणि बिघाड शोधण्याची किल्ली विक्रेत्याच्या हातीं गेली. पेरणीच्या ऐन आठवड्यांत कारागिराची वाट पाहत बसण्याची पाळी आली, तेव्हां शेतकऱ्यांनीं ही गोष्ट विधिमंडळापर्यंत नेली. कोलोराडो राज्यानें २०२३ सालीं शेतकी यंत्रें दुरुस्त करण्याचा मालकाचा हक्क मान्य करणारा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला.

आपल्याकडे लसूणघास थंडीच्या आरंभीं, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, सऱ्यांत किंवा वाफ्यांत पेरतात. राहुरीच्या कृषि विद्यापीठाची 'आर. एल. ८८' ही जात महाराष्ट्रांत प्रचलित आहे. पहिली कापणी दोनएक महिन्यांच्या आंत, पुढें दर महिन्यास एक. मिनेसोटांत वर्षाकांठीं तीन-चार कापण्या मिळाल्या तरी शेतकरी संतुष्ट असतो, कारण तेथें शेवटची कापणी वेळेवर थांबवून मुळांत साठा होऊं द्यावा लागतो. तो साठा नसला तर ग्रिमच्या शेतांत १८५८ च्या हिवाळ्यांत जें झालें तेंच अजूनहि होतें.

म्हणून पेरणीचा निकाल पेरलेल्या वर्षीं लागत नाहीं. पुढील वसंतांत बर्फ वितळल्यावर शेतकरी कुदळ घेऊन शेतांत जातो. गोठण्या-वितळण्याच्या खेंचाखेंचींत कांहीं झाडांचे गड्डे मुळांसकट इंच-दीड इंच वर उपसून आलेले असतात, तीं गेलीं. बाकीचीं तो ठिकठिकाणीं एकेक चौरस फूट आंखून मोजतो, दोनचार खणून मुळें उभीं चिरून पाहतो. आंत मूळ पांढरें व टणक निघालें म्हणजे तो कुदळ खांद्यावर टाकून गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्यांना धार लावावयास घरीं जातो.