पुनर्विवाहाची नवी वेबसाइट गूगलवर दिसते कशी

पन्नाशीतली एखादी विधवा शिक्षिका रात्री निजानीज झाल्यावर मोबाइल हातात घेते, तेव्हा ती ‘मराठी वधूवर’ असं टाइप करत नाही. ती विचारते, ‘दुसरं लग्न केलं तर पेन्शन बंद होते का’. घटस्फोट झालेला गृहस्थ विचारतो, ‘घटस्फोटानंतर किती दिवसांनी लग्न करता येतं’. कोणी विचारतं, ‘आईचं दुसरं लग्न, मुलांना कसं सांगायचं’. स्थळ बघण्याच्या कितीतरी आधी माणसं या प्रश्नांशी झगडत असतात. नव्या, छोट्या वेबसाइटला गूगलवर जागा मिळते ती इथेच.

समजा, चाळिशी ओलांडलेल्या विधवा, विधुर आणि घटस्फोटितांसाठी कोणी मराठी वेबसाइट काढली आहे. ओळखीपाळखीतून शे-दोनशे नावं नोंदवली गेली. पण गूगलवर शोधावं तर तिचा मागमूस नाही. अशा वेळी चालकांचा पहिला हट्ट असतो की ‘मराठी विवाह’ या शब्दांवर आपण पहिल्या पानावर आलो पाहिजे. हा हट्ट सोडून द्यावा. शादी डॉट कॉम किंवा भारतमॅट्रिमनीसारख्या कंपन्या ही जागा वीसपंचवीस वर्षं धरून आहेत आणि त्यांच्याकडे येणाऱ्या लिंकची संख्या नव्या माणसाला गाठता येणारी नाही. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारा एसईओवाला भेटला तर त्याला तिथूनच नमस्कार करावा. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलं आहे.

गूगलचं काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालतं. गूगलबॉट नावाचा त्यांचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचतो. वाचलेल्या पानांपैकी ठेवण्याजोगी वाटतील ती गूगल आपल्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये टाकतं. मग कोणी काही शोधलं की सूचीतली पानं क्रमाने मांडून दाखवतं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची कल्पना, म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही त्याच्या बाजूची साक्ष मानायची, आजही या क्रमामागे आहे. तिच्या जोडीला आता इतर कितीतरी गोष्टी आल्या.

आपल्या वेबसाइटची अडचण बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यातच असते. गूगलबॉट नाव नोंदवत नाही, ओटीपी टाकत नाही. दोनशे स्थळं लॉगिनच्या आत आहेत. बाहेर उरतं काय? मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’, अटी-शर्ती आणि संपर्क. एवढ्या चार पानांवरून गूगलने तुम्हाला कशासाठी वर दाखवावं?

यावर एक सोपा वाटणारा उपाय पुढे येतो: स्थळं उघडी करून टाका, दोनशे पानं एका रात्रीत तयार. मला हा उपाय साफ अमान्य आहे. लहान गावातल्या घटस्फोटित बाईचा फोटो, वय, पगार आणि मुलांची माहिती तिच्या नावाने गूगल केल्यावर कोणालाही सापडली, तर तिने तुमच्यावर टाकलेला विश्वास संपला. तिच्या मुलांच्या शाळेतल्या पालकांना, सासरच्या माणसांना, फसवणाऱ्या टोळ्यांना, सगळ्यांना ती सापडते. गूगलला दाखवायची ती उत्तरं, माणसं नव्हेत. आपल्या साऱ्या कामाची घडी या एका निर्णयावर बसते.

इथे तांत्रिक चूक फार सहज होते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. अनेकांना वाटतं की रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये ‘स्थळांच्या पानांवर येऊ नकोस’ असं लिहिलं की काम झालं. ही फाइल फक्त पान वाचायला मज्जाव करते. दुसरीकडे कुठे त्या पानाची लिंक असेल तर गूगल ते न वाचताही त्याचा पत्ता सूचीत घेऊ शकतं. पान सूचीत येऊच नये यासाठी नोइंडेक्स ही वेगळी खूण असते आणि ती पानाच्या आत किंवा सर्व्हरच्या उत्तरात असते. गंमत अशी की रोबोट्सच्या फाइलने रस्ता अडवला तर गूगलबॉट पानापर्यंत पोचतच नाही, म्हणून नोइंडेक्स त्याला दिसतच नाही. दोन्ही कुलपं एकदम लावली की एक निकामी होतं. खरा बंदोबस्त लॉगिनचाच. आणि फोटो विसरू नयेत. पान लॉगिनच्या आत असतं, पण फोटोची फाइल थेट पत्त्यावर उघडते, असं पुष्कळ ठिकाणी असतं. लॉगआउट करून फोटोचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. फोटो उघडला तर आजच्या आज प्रोग्रामरला फोन करा.

दुसरा सापळा शोधाच्या चाळण्यांचा. जिल्हा, वय, शिक्षण, स्त्री-पुरुष अशा चाळण्या लावल्या की प्रत्येक जोडणीचा वेगळा पत्ता तयार होतो. ३६ जिल्हे, ८ वयोगट, ६ शिक्षणं आणि २ लिंगं एवढ्यावरच ३,४५६ पानं होतात, आणि त्यातली बहुतेक रिकामी. ही पानं उघडी असतील तर गूगलबॉट त्यांतच फिरत राहतो आणि कामाच्या पानांना उशीर होतो. ‘पुण्यातील विधुर स्थळे’, ‘नाशिकमधील विधुर स्थळे’ अशी फक्त गावाचं नाव बदलून केलेली पानंही तसलीच. गूगल त्यांना डोअरवे म्हणतं आणि ती त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतात. नाशिकवर वेगळं सांगण्यासारखं असेल, तिथे दर महिन्याला मेळावा होत असेल, तर नाशिकचं पान जरूर असावं. नसेल तर नको.

मग उघडी पानं कोणती? शिक्षिकेचा पेन्शनचा प्रश्न घ्या. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मावत नाही. तिची स्वतःच्या नोकरीची निवृत्तिवेतनाची रक्कम दुसऱ्या लग्नाने थांबत नाही. दिवंगत नवऱ्यामुळे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र वेगळं. केंद्र सरकारच्या नियमांत विधवेने पुनर्विवाह केला की ते सहसा थांबतं, पण मूल नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर ते पुढे मिळू शकतं. राज्य सरकारची नोकरी असेल तर राज्याचा नियम बघावा लागतो. हे सगळं एका पानावर, कुठल्या कार्यालयात कोणता अर्ज द्यायचा इथपर्यंत शांतपणे लिहिलं, तर ते पान त्या बाईच्या उपयोगाचं होतं. बाकीच्यांनी चार ओळींत गुंडाळलेलं असेल तर गूगललाही ते वर ठेवण्याचं कारण मिळतं.

घटस्फोटानंतर किती दिवस थांबायचं, याचंही तसंच. हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ बघावं लागतं: अपिलाचा हक्कच नसेल, किंवा अपील न होता मुदत संपली असेल, किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं असेल, तर दुसरं लग्न करता येतं. पूर्वी त्यात एक वर्ष थांबण्याची अट होती, ती १९७६ च्या दुरुस्तीने गेली. जुन्या पुस्तकातून उतरवून काढलेलं पान आजही ‘एक वर्ष’ सांगेल आणि कोणाचं तरी ठरलेलं लग्न उगाच पुढे ढकललं जाईल. पैसा, कायदा, आरोग्य यांत चुकीच्या माहितीने माणसाचं नुकसान होतं, म्हणून अशा विषयांवर गूगल लिहिणाऱ्याची विश्वासार्हता अधिक काटेकोरपणे पाहतं. पान कोणी लिहिलं, कोणत्या वकिलाने तपासलं, शेवटचं कधी सुधारलं, हे पानावरच द्यावं. एआयकडून रात्रीत पाचशे लेख काढून घेण्याचा मोह टाळावा. केवळ क्रमवारीसाठी घाऊक पानं काढण्याला मार्च २०२४ पासून गूगलने स्पॅमच्या नियमांत स्पष्ट जागा दिली आहे. वीस पानं पुरतात, पण ती वीस खरी हवीत.

मराठीचे म्हणून काही प्रश्न आहेत. पहिला फाँटचा. डीटीपीवाल्याकडून माहितीपत्रक आलं, ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होतं आणि तसंच वेबसाइटवर चिकटवलं, तर तुम्हाला पडद्यावर ‘विवाह’ दिसेल, पण गूगलला रोमन अक्षरांची गिचमीड मिळेल. त्यातला एक मजकूर उचलून साध्या व्हॉट्सअॅप संदेशात चिकटवून बघा. तिथे मराठी टिकली तर युनिकोड आहे. दुसरी सवय मजकूर चित्रातून टाकण्याची. मेळाव्याची सुंदर जाहिरात जेपीजीत केली जाते, पण तारीख, स्थळ, वेळ हे शब्द पानावर टाइप केलेले नसतात. तिसरा पानाच्या पत्त्याचा. वेबच्या पत्त्यात देवनागरी चालते, गूगलला ती समजते. पण तो पत्ता कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘पुनर्विवाह’ या एका शब्दात काना, वेलांटी, हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे व्हॉट्सअॅपवर नव्वद अक्षरांचं टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेलं शेपूट जातं. माणसं असल्या लिंकवर बोट ठेवायला कचरतात. पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवावा, मजकूर मराठीत.

शब्दही लोकांचे वापरावेत. ‘पुनर्विवाह’ हा छापील शब्द. बोलताना माणसं ‘दुसरं लग्न’ म्हणतात, आणि बरेच जण ‘सेकंड मॅरेज’ रोमन लिपीत टाइप करतात. हे तिन्ही शब्द पानावर आपापल्या जागी सहज आले पाहिजेत. एकाच पानात वीसदा कोंबले तर वाचणाराच उठून जातो. आणि मेटा कीवर्डचा जो रकाना भरायला लावतात, तो गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही. २००९ मध्येच त्यांनी तसं जाहीर केलं.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल आता मोबाइलवरचंच पान वाचतं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही त्यांची अपेक्षा आहे. मुखपृष्ठावर जोडप्यांचे जडजड फोटो फिरवत ठेवले तर तालुक्याच्या गावातल्या नेटवर्कवर ती वेळ पाळणं अशक्य.

लिंक विकत घेऊ नयेत. पैसे देऊन लिंक जमवणं नियमाबाहेर आहे आणि पकडलं गेलं की उभं केलेलं कामही खाली जातं. आपल्या विषयात खऱ्या लिंक मिळण्याच्या जागा आहेत. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं आणि त्याच वर्षी या कामासाठी मंडळीही काढली. तेव्हापासून महाराष्ट्रात हा विषय संस्थांनी, वर्तमानपत्रांनी, महिला मंडळांनी चालवलेला आहे. तुम्ही मेळावा घेतला तर स्थानिक वर्तमानपत्र बातमी करतं. पेन्शनचं पान चांगलं असेल तर निवृत्त कर्मचाऱ्यांची संघटना ते आपल्या सभासदांना दाखवते. समुपदेशक, ज्येष्ठ नागरिक संघ, परदेशातली महाराष्ट्र मंडळं यांच्या वेबसाइटवर उपयुक्त पानाला जागा असते. त्यांना ‘लिंक द्या’ असं पत्र पाठवण्यापेक्षा त्यांच्या सभेत जाऊन बोलावं.

हे सगळं लागू पडतंय की नाही, ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं. वेबसाइट तिथे नोंदवावी आणि साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी द्यावी; तिच्या एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, तुम्हाला वीसच द्यायचे आहेत. मग आठवड्यातून एकदा शोधाचे शब्द बघावेत. एखाद्या प्रश्नावर तुमचं पान शेकडो वेळा दिसलं पण उघडलं कोणीच नाही, तर पानाचं शीर्षक त्या प्रश्नाशी जुळत नाही, असं बहुधा निघतं. बाराव्या-पंधराव्या क्रमांकावर अडकलेलं पान असेल तर त्यात राहून गेलेला उपप्रश्न शोधावा. फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच माणसांनी सांगितलं आहे. पहिल्या महिन्यात आलेख सपाट दिसला म्हणून पानं बदलत सुटू नये.

काही महिन्यांनी पहिली लग्नं जमतील आणि त्या जोडप्यांचे अनुभव प्रसिद्ध करावेसे वाटतील. ही पानं फार वाचली जातात. संमती लेखी घ्यावी, नाव-फोटो हवा की नको हे त्यांनीच ठरवावं, आणि ‘कधीही काढून टाकू’ हे वचन द्यावं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेण्याचा हक्क दिलेला आहे. कोणी तसा फोन केला तर सर्च कन्सोलमधलं हटवण्याचं साधन वापरून थांबू नये, त्याने पान सुमारे सहा महिनेच लपतं. पान सर्व्हरवरून काढावं, त्या पत्त्यावर ४०४ किंवा ४१०, म्हणजे ‘पान नाही’, असं उत्तर जाऊ द्यावं, फोटोची फाइलही वेगळी काढावी, आणि झाल्यावर लॉगआउट केलेल्या मोबाइलवरून एकदा स्वतः शोधून बघावं.