गॅलरीतल्या टबाला थंडी का बाधते?

गिरगाव-लालबागच्या चाळींत गॅलरीतल्या टबात कमळ लावतात आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतात. जानेवारीत हे मासे तळाशी सुस्तावतात. मुंबईत पाणी काही गोठत नाही. सांताक्रूझचा 1962 सालचा नीचांकही 7.4 अंशांचाच. पण गप्पी उष्ण प्रदेशातला. शिवाय टबात पाणी थोडे, त्यामुळे बशीतल्या चहासारखे ते लवकर निवते. तलावाला बरेच दिवस लागतात.

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते, पचन मंदावते. न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. खरा धोका बहुधा हाच.

टब घरात आणला की ऊब मिळते, पण उजेड घटतो. वनस्पती प्राणवायू सोडतात त्या उजेडातच; अंधारात उलट त्या तो वापरतात. म्हणून टब उन्हाच्या खिडकीपाशी हवा. कमळाची पाने वाळली तरी चिखलातला कंद जिवंत असतो, तो उपटू नये. खाद्य निम्म्यावर आणावे. पाणी थोडे थोडेच बदलावे आणि नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे. क्लोरीन बरेचसे उडून जाते, तापमानही जुळते.