एक लुटारू, एक फोन आणि सगळ्या देशाच्या नोंदी

मार्च १९७६. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका बाईंना कुणीतरी लुटलं. लुटारू पसार झाला, पण त्याला राहवेना. तो बाईंना फोन करून घाणेरडं बोलायला, धमकवायला लागला. एकदा तर म्हणाला, जरा घराबाहेर या. बाई बाहेर आल्या, तर लुटीच्या वेळी पाहिलेली तीच मॉन्टे कार्लो गाडी समोरून सावकाश निघून गेली! गाडीच्या नंबरवरून पोलिसांना संशयिताचं नाव मिळालं. पण फोन करणारा तोच, हे सिद्ध कसं करायचं?

पोलिसांच्या सांगण्यावरून टेलिफोन कंपनीने आपल्या एक्स्चेंजमध्ये एक यंत्र बसवलं. पेन रजिस्टर. हे यंत्र बोलणं ऐकत नाही. समोरच्याने फोन उचलला की नाही, हेही त्याला कळत नाही. कुठला नंबर फिरवला, एवढंच ते टिपतं. वॉरंट कुणी घेतलं नव्हतं. यंत्र बसवलं त्याच दिवशी संशयिताच्या घरून बाईंचा नंबर फिरला आणि गडी सापडला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७९ साली ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला: नंबर फिरवताना तो तुम्ही आपण होऊन कंपनीला सांगता, मग त्यात खासगी काय राहिलं? पटण्यासारखं आहे ना? विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांना मात्र ते पटलं नाही. माणूस कुणाकुणाला फोन करतो याची नुसती यादीसुद्धा त्याच्या आयुष्यातल्या अगदी आतल्या गोष्टी उघड करू शकते, असं त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा मोठे संगणक हॉलभर जागा अडवायचे. त्या काळात या गृहस्थांना हे दिसलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता ३४ वर्षं पुढे या. ५ जून २०१३ रोजी 'द गार्डियन'ने एक चार पानी आदेश छापला. अमेरिकेच्या गुप्त टेहळणी न्यायालयाचा, न्यायाधीश रॉजर व्हिन्सन यांच्या सहीचा. व्हेरायझन कंपनीच्या एका शाखेने आपल्या जाळ्यातल्या सगळ्या फोनच्या नोंदी, देशातल्या देशातल्यासुद्धा, रोजच्या रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या म्हणजे एनएसएच्या हवाली कराव्यात, असा तो आदेश. संशयित कोण? कुणीच नाही! आणि या कारभाराच्या बचावासाठी सरकारने पुढे केलेला मोठा आधार कुठला? तोच, बाल्टिमोरच्या लुटारूचा खटला. एका माणसाच्या फोनवर बसवलेल्या त्या यंत्राचा निकाल कोट्यवधी निरपराध माणसांच्या नोंदींना लावला गेला होता.

कागद बाहेर आणणारा एडवर्ड स्नोडेन तेव्हा २९ वर्षांचा होता, एनएसएसाठी काम करणाऱ्या एका खासगी कंपनीचा नोकर. दोनच दिवसांत अध्यक्ष ओबामांनी लोकांची समजूत घातली: तुमचे फोन कुणी ऐकत नाही. या कार्यक्रमापुरतं ते खरंच होतं. जात होता तो मेटाडेटा: कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, कधी, किती वेळ. नावं नाहीत, शब्द नाहीत.

मग एवढा गहजब कशासाठी?

गावातला जुना पोस्टमन आठवा. तो एकही पाकीट फोडत नाही. तरी कुणाच्या पोराची नोकरी लागली, कुणाचं लग्न जुळतंय, कुणामागे सावकाराचा तगादा आहे, हे त्याला घरच्यांच्या आधी कळतं. आता हा पोस्टमन काही विसरतच नाही आणि सगळ्या देशाचं टपाल त्याच्याच हातून जातं, असं समजा.

किरन हिली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्याच जूनमध्ये एक भन्नाट खेळ केला. आपण १७७२ सालच्या इंग्रज सरकारचे टेहळणी कारकून आहोत, अशी त्याने कल्पना केली. हाताशी काय? बॉस्टनमधल्या २५४ माणसांची नावं, सात मंडळं, क्लब आणि याद्या, आणि कोण कशात आहे याची नोंद. बस. कुणी काय बोललं, काय लिहिलं, काही नाही. २५४ ओळी, सात रकाने. सदस्य असेल तर एक, नसेल तर शून्य.

या तक्त्याचा त्याच्याच आडव्याचं उभं केलेल्या रूपाशी गुणाकार करायचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित. उत्तरात काय येतं? माणसांचा माणसांशी तक्ता! कोणती दोन माणसं किती ठिकाणी एकत्र येतात, याचा आकडा प्रत्येक जोडीपुढे मांडलेला. मूळ नोंदीत मैत्रीचा म नव्हता, गुणाकारातून ती बाहेर पडली. मग विचारायचं, एका टोळक्यातून दुसऱ्याकडे जाणारे रस्ते सगळ्यात जास्त कुणाच्या दारावरून जातात? यादीच्या माथ्यावर एक नाव येतं: पॉल रिव्हिअर. एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावर बसून, इंग्रज फौज येतेय अशी वर्दी देत सुटलेला तोच. त्याच्या तोंडचा एक शब्दही न ऐकता गणिताने त्याच्यावर बोट ठेवलं! यादी आधीच बंडखोरांच्या वर्तुळातली होती, म्हणून काम सोपं झालं हे खरं. पण बंडखोरांपैकी मोक्याचा माणूस कोण, हे तर कुणी सांगितलं नव्हतं.

जुनी गोष्ट सोडा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही शे स्वयंसेवकांच्या, त्यांच्याच संमतीने मिळवलेल्या, फोन नोंदी तपासल्या. एकाचे फोन हृदयरोग केंद्राशी, प्रयोगशाळेशी, औषधांच्या दुकानांशी, आणि हृदयाचे अनियमित ठोके टिपणाऱ्या उपकरणाच्या मदत क्रमांकाशी. आजार ओळखायला डॉक्टर लागतो का? शब्दांना अर्थ लावावा लागतो, शब्द खोटं बोलू शकतात. आकडे मुकाट्याने ओळीत उभे राहतात, आणि यंत्राला तेच हवं असतं.

शिवाय एनएसए एका नंबरवर थांबत नसे. संशयिताचा नंबर, त्याच्याशी बोललेले, त्यांच्याशी बोललेले, आणि पुन्हा त्यांच्याशी बोललेले, अशा तीन उड्यांची परवानगी होती. माणशी १०० नंबर धरा. पहिल्या उडीत १००, दुसऱ्या उडीत १०,०००, तिसऱ्या उडीत १० लाख! २०१२ मध्ये ३०० हूनही कमी नंबरांवरून शोध घेतला, असं सरकारने मोठ्या संयमाच्या सुरात सांगितलं. ३०० गुणिले १० लाख करून पाहा: ३० कोटी. त्यात एकच माणूस अनेकदा मोजला जाणार, म्हणून खरा आकडा बराच खाली येईल. तरी कागदावरचा आकडा अमेरिकेच्या लोकसंख्येच्या जवळ जातो. जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी तिसरी उडी काढून टाकली.

माझ्या मते सगळ्यात चक्रावणारी गोष्ट गणितात नाही, कोर्टात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे गौप्यस्फोटाच्या सुमारे तीन महिने आधी, परदेशी संभाषणांवरच्या टेहळणीविरुद्ध वकील आणि पत्रकारांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दारातूनच परत पाठवला. कारण? तुमच्यावरच पाळत आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही. अहो, पाळत गुप्त आहे, दाखवणार कसं! मग जूनमध्ये तो चार पानी आदेश छापून आला. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू ही संस्था नेमकी व्हेरायझनच्या त्याच शाखेची ग्राहक. पुरावा हातात आला, सहा दिवसांत दावा दाखल झाला, आणि मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, हा कार्यक्रम कायद्यात बसतच नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने सरसकट नोंदी गोळा करणं बंद केलं. खटल्याचं दार उघडायला लागलेली किल्ली चोरून आणलेलीच होती.

निदान या कार्यक्रमाने बॉम्बस्फोट टळले का? आधी अधिकारी पन्नासहून अधिक कट उधळल्याचं सांगत होते. खोलात गेल्यावर फोन नोंदींच्या नावावर ठळकपणे एकच प्रकरण उरलं: सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेला ८,५०० डॉलर पाठवणारा सॅन डिएगोचा टॅक्सीचालक. त्याच्या अपिलात २०२० साली न्यायालयाने कार्यक्रम बेकायदा होता असं म्हटलं, आणि त्याची शिक्षा मात्र कायम ठेवली.

याचा अर्थ स्नोडेनच्या टीकाकारांकडे मुद्दाच नाही, असं नाही. त्याने नेलेले कागद फोन नोंदींपुरते नव्हते. परदेशांतली हेरगिरी, लष्करी बाबी, असं पुष्कळ त्यात होतं. अमेरिकी नागरिकांच्या हक्कांशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न चुकीचा नाही. पण आपण जरा वेगळ्या बाजूला उभे आहोत. त्याच कागदांतल्या एका नकाशाप्रमाणे मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज नोंदी उचलल्या गेल्या, यादीत पाचवा क्रमांक. अमेरिकेतला वाद अमेरिकी माणसाच्या खासगीपणाचा होता. आपल्या ६.३ अब्जांसाठी तिथे कोण भांडणार?

अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर २०१६ मध्ये म्हणाले की स्नोडेनने चर्चा घडवून लोकसेवाच केली, पण त्याचं कृत्य बेकायदा होतं, त्याला शिक्षा व्हायला हवी. एकाच दमात दोन्ही! आणि कायद्याच्या नजरेत या दोन वाक्यांतलं पहिलं मोजतच नाहीत. त्याच्यावर लागलेला हेरगिरी कायदा १९१७ चा, पहिल्या महायुद्धातला. त्यात 'लोकहितासाठी केलं' हा बचाव नाही. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गला १९७३ च्या खटल्यात त्याच्याच वकिलाने विचारलं, तुम्ही हे का केलं? सरकारी पक्षाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली, आणि ज्युरीला उत्तर ऐकायला मिळालं नाही. सरकारच्याच गैरप्रकारांमुळे खटला बारगळला म्हणून एल्सबर्ग सुटला.

हे 'का' ज्युरीपुढे सांगू देणार असाल तर मी अमेरिकेत परत येतो, असं रशियात राहिलेला स्नोडेन सांगत आला आहे. ती अट कुणी मान्य केलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं.