भरपूर गाणी की भारी गाणी?

रॅपर नेझीनं २०१४ साली ‘आफत’चा व्हिडिओ आयपॅडवर शूट केला आणि त्या एका गाण्यानं मुंबईच्या गल्लीतल्या रॅपकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. पुढच्याच वर्षी रॅपर डिव्हाइनसोबत ‘मेरे गली में’ आलं. पुढे मात्र तो काही काळ गायब झाला. २०१९ च्या जानेवारीत ‘आफत वापस’ घेऊन परतला. पहिला अल्बम ‘मगरिब’ तर २०२० मध्ये आला.

रॅपर एमीवे बंटायची रीत अगदी उलटी. यूट्यूबवर एकामागून एक गाणी सोडत त्यानं मोठ्या कंपनीशिवाय स्वतःचा श्रोता उभा केला.

डिव्हाइननं मधला रस्ता धरला: ‘कोहिनूर’ २०१९, ‘पुण्य पाप’ २०२०, ‘गुनेहगार’ २०२२. पुण्याच्या एमसी स्टॅनच्याही ‘तडीपार’ आणि ‘इन्सान’ या अल्बममध्ये दोनेक वर्षांचं अंतर आहे. तिकडे अमेरिकेत रॅपर केंड्रिक लमारनं २०१७ नंतर पुढच्या अल्बमसाठी पाच वर्षं घेतली; दरम्यान त्याला पुलित्झर पुरस्कारही मिळाला.

आता पैशाचं गणित. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं तरच मोजलं जातं. शिवाय २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. म्हणजे नुसता ढीग लावून हाती काही लागत नाही.

बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडच्या लिहिणाऱ्या पोरांनो, लिहा रोज, पण सोडा निवडून. आणि आपल्या वऱ्हाडी बोलीतलं एखादं तरी गाणं येऊ द्या!